मुक्कामाची भाऊबीज

कोल्हापुरात लोक माझ्याकडे कोर्टाच्या फाइली घेऊन येतात, ज्योतिषाकडे पत्रिका घेऊन जावं तसे. माझा गुन्हा एवढाच, की मी समाजशास्त्र शिकवलं आणि उभं आयुष्य कोर्टाचे निकाल नि नोंदणी ऑफिसातले दस्त मोजण्यात घालवलं. कायद्याच्या पुस्तकात काय लिहिलंय ते वकील सांगतात. ते लिहिलेलं माणसांच्या घरात शिरलं की त्याचं काय होतं, ते मोजायचं काम माझं. निवृत्त झाले तेव्हा एका वर्तमानपत्रानं माझ्यावर कौतुकाचा लेख छापला. तो वाचून लोकांनी एवढंच ध्यानात ठेवलं, की या बाईंना निकाल आधी कळतो.

मंडईत मेथीची जुडी निवडत असले की भाजीवाली विचारते, "म्याडम, आमच्या बांधाच्या भांडणाचं काय हुईल, जरा बगून सांगा की." मी तिला समजावते, की मावशी, तुमच्यासारखे पुष्कळ खटले एकत्र केले तर त्यांचं काय होतं ते मला सांगता येतं, तुमच्या एकटीचं नाही. "मग येवढं शिकून काय उपेग?" म्हणते, आणि वर टाकलेली कोथिंबीर परत काढून घेते. लग्नाला गेलं की मांडवात कुणीतरी नवऱ्या मुलाच्या मामाला माझ्यापुढे आणून उभं करतं. "पावणं, ह्या बाईंना इचारा. जज्जाच्या मनातलं वळखत्यात." हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून तर गावात कायदा हा विषय मटणाच्या दराइतक्या जिव्हाळ्यानं बोलला जातो, आणि माझी ही प्रॅक्टिस फारच वाढली आहे.

विद्यापीठीय जगात मात्र मी कुणाचीच नव्हते. समाजशास्त्राचे लोक म्हणायचे, ही गणितवाली. संख्याशास्त्राचे म्हणायचे, ही आर्ट्सवाली. कायद्याचे म्हणायचे, बाई हुशार आहेत, आणि पुढं काही बोलायचे नाहीत. कसबा बावड्याच्या जिल्हा कोर्टात एक ज्येष्ठ वकील होते, त्यांना मी माझे आलेख मोठ्या उत्साहानं दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते पाहिले, उलटे धरूनही पाहिले, आणि म्हणाले, "म्याडम, छान हाय. पण कोर्ट आकड्यावर चालत न्हाय, तारखेवर चालतंय." इतकं खरं वाक्य माझ्या एकाही प्रबंधात नाही.

आकडे मी इथंही देणार नाही. ते वाचून कुणी सुधारल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

माझ्या मोजदादीचा मुख्य विषय होता हक्कसोडपत्र. ज्यांच्या घरी शेत नाही त्यांच्यासाठी सांगते. वडील गेले की जमिनीवर मुलांच्या जोडीनं मुलींचीही नावं लागतात. कायदाच तसा आहे. मग दुसरा एक कागद होतो. त्यात बहीण लिहून देते, की माझा हिस्सा मी भावाला सोडला, माझ्यावर कुणाचा दबाव नाही, हे मी स्वखुशीने करत आहे. कायदा मुलीला एका हातानं हिस्सा देतो आणि हा कागद दुसऱ्या हातानं तो काढून घेतो. दोन्ही कामं बहुतेक ठिकाणी एकाच बिल्डिंगीत होतात, त्यामुळे पार्किंगचा त्रास नाही.

तालुक्यातालुक्यातल्या नोंदणी ऑफिसांबाहेरच्या बाकांवर मी बसून काढलेले दिवस माझ्या पगारी दिवसांपेक्षा जास्त भरतील. तिथं बहिणी ओळखायला शिकावं लागत नाही. नवी साडी, घडीची मोड अजून दिसणारी, आणि शेजारी भाऊ, जो त्या दिवशी फार प्रेमात असतो. "चहा घेतीस काय? वडा आणू? ऊन लागतंय, इकडं सरक." जन्मात ज्यानं बहिणीला पाण्याचा तांब्या दिला नाही तो त्या बाकावर तिला रुमालानं वारा घालतो. साडी जितकी भारी, तितका हिस्सा मोठा, हे मी कुठल्या शोधनिबंधात लिहिलं नाही, पण डोळ्यांनी पुष्कळदा पाहिलं. एकदा एका बाईला मी विचारलं, "तुम्हाला सही करायची आहे का?" ती हसली. "आता साडी नेसून आलोय म्हंटल्यावर करायचीच की." दुसरीला विचारलं, "दबाव आहे का?" भाऊ शेजारीच उभा. ती म्हणाली, "दबाव कशाचा? भाऊ हाय की माझा."

माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुली चिडायच्या. म्हणायच्या, मॅडम, ही खुशी आहे होय? इथं आपण ‘दबाव’ असं लिहूया. मी त्यांच्यावर डोळे वटारायची. आपला नियम एक, कागदावर जे आहे तेच रकान्यात लिहायचं. आपल्या मनातलं नाही, तिच्या डोळ्यांतलं नाही. कागदावर ‘स्वखुशीने’ असेल तर रकान्यातही ‘स्वखुशीने’. कागद खोटं बोलतोय असं वाटत असेल तर तो कधी खोटं बोलतो ते मोजा. या एका नियमापायी माझ्या कडक शिस्तीची कीर्ती झाली, आणि दोन मुली मला सोडून इतिहासाकडे गेल्या.

‘कधी’ ते मोजल्यावर मात्र आलेख बोलायला लागला. हक्कसोडपत्रं वर्षभर सारखी होत नाहीत. त्यांच्या दोन राशी पडतात, खळ्यावर पडाव्यात तशा. एक रास वडिलांच्या तेराव्यानंतर लगेच. आणि दुसरी, चांगली टेकाडाएवढी, भाऊबीज झाल्यावर. भाऊबीजेची ऑफिसला सुट्टी, दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं की बाकं भरलेली. बायांशी बोलता बोलता मला त्याचं कारण उमगलं, आणि ते इतकं साधं होतं की मला लाज वाटली. एरवी भाऊबीजेला बहीण सकाळी येते, ओवाळते, जेवते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाते. तिला घर असतं, त्यालाही बायको असते. ज्या वर्षी वडील जातात, त्या एकाच वर्षी भाऊ म्हणतो, "ऱ्हा की दोन दिवस." पुढच्या वर्षी परत संध्याकाळची गाडी.

तिसरी एक गोष्ट आढळली. जिथं थोरली बहीण आधी सही करते तिथं धाकट्या निमूट करतात. थोरली अडली तर सगळं अडतं.

हे सगळं मी जिथं जिथं सांगितलं तिथं तिथं लोकांनी माना डोलावल्या. अगदी बरोबर मॅडम, आमच्या शेजाऱ्यांकडं असंच झालं. आमच्या साडूंच्या घरी असंच झालं. ज्या घरी असं झालं त्या घरचा माणूस मला उभ्या आयुष्यात भेटला नाही. घरोघरी मातीच्या चुली असं आपण म्हणतो खरं, पण जो तो आपली तेवढी गॅसची शेगडी समजतो.

आमचं गाव पेठ वडगावच्या पलीकडे. आम्ही तिघं भावंडं, मी थोरली, मग भाऊ, मग धाकटी बहीण. दोघंही मला आक्का म्हणतात. आई लवकर गेली. वडील, आमचे आण्णा, गेल्या वर्षी वैशाखात गेले, पिकल्या पानासारखे, कुणाला त्रास न देता. तेराव्यानंतर वारसनोंद झाली, सात-बारावर आमची तिघांची नावं लागली, आणि भावानं आमच्या दोघींपुढे सहीचा शब्दसुद्धा काढला नाही. पहिल्या राशीतून आमचं घर सुटलं. माझ्या मनात आलं, चला, निदान एक घर तरी असं निघालं. हसू नका. मीही गॅसच्या शेगडीवालीच.

भाद्रपदात, गणपती गेल्यावर, माझा निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, फेटा. फेटा माझ्या डोक्याला मोठा झाला आणि भाषणभर एका डोळ्यावर येत राहिला. पाहुणे म्हणून आलेल्या, न्यायखात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी माझं भाषण चालू असताना मनसोक्त झोप घेतली आणि उठून सांगितलं, की स्त्री ही मुळातच त्यागमूर्ती असते. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत माझा भाऊ बसला होता. माझी बहीण काय काम करते हे पाहायला तो आयुष्यात पहिल्यांदा आला होता. त्यानं सगळं भाषण कान देऊन ऐकलं. पडद्यावर आलेख आला तेव्हा मोबाइल वर धरून त्याचा फोटो काढला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेही फेट्याखालच्या डोळ्यात.

"आक्का, लई भारी बोललीस," तो निघताना म्हणाला. "एकदम डोक्यात बसलं."

धाकटीचं सांगायला हवं. तिचा नवरा साखर कारखान्यात होता. वारणानगरच्या बाजूला कामगारांच्या वसाहतीत दोन खोल्यांची क्वार्टर, त्यात तिचा सगळा संसार झाला. नवरा अचानक गेला. क्वार्टर नोकरीची होती, नोकरी गेली तशी ती सोडायची होती, उन्हाळ्यापर्यंतची मुदत मिळाली होती. मूलबाळ नाही. सासरच्या गावी दिरांनी आधीच सांगून टाकलं होतं, की वैनी, येऊन जाऊन ऱ्हावा, पण कायमचं जमायचं न्हाय. तिला डोक्यावर छप्पर मिळेल असं जगात एकच ठिकाण होतं, ते म्हणजे आमच्या गावचा रस्त्याकडेचा तुकडा. तिथं वडिलांनी बांधलेल्या दोन खोल्या होत्या, विहिरीच्या मोटारघराला लागून. तिच्या हिश्श्यात त्या सहज बसत होत्या. मला माझ्या हिश्श्याचं काही पडलं नव्हतं. पेन्शन होती, फ्लॅट होता, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला आणि दिवसभर पेपर वाचणारा नवरा होता. तिच्या त्या दोन खोल्या तिच्या नावावर व्हाव्यात, एवढंच मला हवं होतं.

दिवाळी जवळ आली. वडिलांचं वर्ष झालेलं नव्हतं, त्यामुळे घरी आकाशकंदील नाही, फराळ नाही, पणत्या नाहीत, असं वहिनीनं सगळ्यांना कळवलं. आणि भावाचा फोन आला. "आक्का, भाऊबीज मात्र करायची हां. आण्णांच्या माघारी आपणच एकमेकाला हाय. औंदा मुक्कामालाच ये. सकाळी येऊन संध्याकाळी पळू नगंस. धाकटीला बी सांगितलंय. ऱ्हावा की दोन दिवस."

मी फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, "माझा भाऊ आलेखावर आला."

"मग जाऊ नकोस," तो पेपरमधून म्हणाला.

"जाणार. धाकटी जातेय ना."

भाऊबीजेला घरी आकाशकंदील खरोखरच नव्हता. दुखवटा तेवढ्यापुरता होता. बाकी तांबडा रस्सा होता, पांढरा होता, सुकं मटण होतं, आणि ताटात वहिनी स्वतःच्या हातानं वाढत होती. आम्ही दोघींनी भावाला ओवाळलं. ओवाळणीत साड्या आल्या. मी साडी उघडली, काठ पाहिले, पदर हातावर घेतला, आणि मनात म्हटलं, अरे बापरे, एवढी भारी.

जेवणं झाल्यावर पुढच्या सोप्यात बसलो. भावानं पान लावलं, मला दिलं, धाकटीला दिलं. मग मोबाइलवर एक चित्र दाखवलं. रस्त्याकडेच्या आमच्या तुकड्यावर मंगल कार्यालय उभं होतं. कमान, कारंजं, हिरवळ, हिरवळीवर घोडा. मोटारघर आणि त्या दोन खोल्या जिथं होत्या तिथं वधूपक्षाची पार्किंग होती.

"बँक तयार हाय," तो म्हणाला. "फकस्त टायटल क्लिअर पायजे. उद्या ऑफिस उघडतंय. गाडी सांगून ठेवलीया. दहा मिनटाचं काम."

"आणि हिचं छप्पर?" मी विचारलं.

"हिला मी सोडणार हाय व्हय? माहेर हाय तिचं. कवाबी यावं, कवाबी ऱ्हावं."

"मग दुसऱ्या कडेला दोन खोल्या तिच्या नावावर करून दे. आधी ते कर, मागनं मी लगेच सही करते. माझा सगळा हिस्सा सोडते, तुझ्या घोड्यासकट."

तो दुखावला गेला. खरोखर दुखावला गेला, नाटक नव्हतं. "नावावर कशाला, आक्का? आपण काय परकं हाय?"

मी म्हटलं, "परके नाही, मग तिची सही तरी कशाला पाहिजे तुला?"

वहिनी भांडी घासायला गेली. धाकटी साडीच्या घडीवरून हात फिरवत बसली होती. भावानं दुसरं पान लावलं आणि एकदम समजावणीच्या सुरात आला.

"आक्का, मी तुझ्याकडं पयलं का आलो? तूच सांगितलंस की सभेत. थोरलीनं सही केली की धाकट्या करत्यात. थोरली अडली की समदं अडतंय." त्यानं मोबाइलमधला फोटो मोठा करून मला दाखवला. माझाच आलेख, माझ्याच दोन राशी, कोपऱ्यात माझा फेटा. "तेराव्याला इचारायचं हुतं मला, पर राहून गेलं. मग ह्यात बगितलं, दिवाळीचं जास्त जमतंय."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. माझ्या अख्ख्या कारकिर्दीत माझं संशोधन इतक्या काळजीपूर्वक कुणी वाचलं नव्हतं. कुणी ते अमलात आणलं तर नव्हतंच. मला त्याचा भयंकर राग आला, आणि शिक्षक म्हणून, लाज वाटते सांगायला, थोडा आनंदही झाला.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं. "आणि हीही करणार नाही."

"तुजं आकडं लोकांच्या घरचं हायत, आक्का," तो म्हणाला. "आपलं घर येगळं हाय."

संध्याकाळच्या गाडीनं मी निघाले. धाकटीला म्हटलं, चल माझ्याबरोबर कोल्हापूरला. ती नको म्हणाली. मी तिला हौदापाशी नेलं आणि स्पष्ट सांगितलं, की उद्या ऑफिस उघडतंय, तुला नटवतील, गाडीत घालतील, काय वाटेल ते सांगतील, सही करू नको. केलीस तर उन्हाळ्यात तुला बसायला जागा राहणार नाही. तिनं मान हलवली.

"मग चल की."

"ऱ्हाते दोन दिवस, आक्का. दादा ऱ्हा म्हणालाय. लगीन झाल्यापास्नं ह्या घरात मला कुणी ऱ्हा म्हटलंय व्हय?"

माझ्याकडे आलेख होता. तिला बावीस-पंचवीस वर्षांनी कुणीतरी माहेरात गादी घालून देणार होतं.

दोन दिवसांनी ती तिच्या क्वार्टरवर पोचली आणि तिनंच फोन केला. केली म्हणाली सही. सकाळी गाडीत बसतानाच भावानं तिला सांगितलं होतं, की आक्कानं कोल्हापुरातनं कागद पाठवून दिलाय सहीचा, आता तुजीच तेवढी ऱ्हायलीया.

मी ओरडलेच. "खोटं आहे ते! मी कसलाही कागद पाठवलेला नाही. मला एक फोन करायचा होतास!"

"खोटं हाय ते मला ठावं हुतं."

"काय?"

"तू सही केली असतीस तर आदी मला भांडायला फोन केला असतास की, आक्का."

"मग का केलीस? सांग मला, का केलीस?"

ती म्हणाली, "तू करणार न्हाईस म्हणूनच केली. तुज्यावर दादा कायमचा रुसणार. माज्यावर बी रुसला तर मला माहेर कुटं ऱ्हातंय? तुला जायला जागा हायत. मला एक दार तरी पायजे का न्हाय?"

छप्पर सोडून तिनं दार ठेवून घेतलं होतं. मला तिचा राग आला, भावाचा राग आला, माझ्या पडद्यावरच्या आलेखाचा राग आला. मी म्हटलं, आपण कोर्टात जाऊ. फसवून सही घेतली म्हणून दस्त रद्द करून घेऊ. मी स्वतः साक्ष देते, मी कागद पाठवला नव्हता म्हणून.

"आक्का, तूच सांग," ती म्हणाली. "अशा भांडणात बाया जिंकत्यात व्हय?"

मंडईतली भाजीवाली, मांडवातले मामा, सगळ्यांनी मला आजवर चुकीचा प्रश्न विचारला होता. हा पहिला बरोबर विचारलेला प्रश्न. याचं उत्तर मला पाठ होतं, वर्षांच्या क्रमानं आणि तालुक्यांच्या क्रमानं. मी म्हटलं, "थोड्या."

"आन् किती सालानं?"

"तालुक्यावर अवलंबून आहे," मी म्हटलं. ती म्हणाली, बरं ठेवते, दूध उतू जाईल.

माझं नाव अजून सात-बारावर आहे. त्यामुळे बँकेनं हात आखडता घेतला आणि मंगल कार्यालय कमानीच्या पुढं गेलं नाही. कमान मात्र उभी आहे, ‘नियोजित’ अशी पाटी लावून, आणि तिच्याखाली शेजाऱ्यांच्या शेळ्या चरतात. त्या दोन खोल्या भावानं घाईघाईनं आधीच पाडल्या होत्या. पेठ वडगावच्या बाजारात तो सांगत असतो, की आमची आक्का म्हातारपणी इस्टेटीला हपापली, मंगल कार्यात विघ्न आणलं. काही लोकांनी मला भेटून हळूच विचारलंसुद्धा, "म्याडम, तुमच्या घरच्या केसचं काय हुईल?" धाकटीला मी म्हटलं, माझ्या हिश्श्यात तुला खोली बांधून देते. ती नको म्हणाली. दादाच्या डोळ्यासमोर, त्याच्या मनाविरुद्ध, त्याच्याच रानात कसं राहायचं? माझ्या फ्लॅटवर कायमचं यायलाही ती तयार नव्हती, बहिणीच्या नवऱ्याच्या घरी कुणी राहतं का म्हणाली. क्वार्टर सोडल्यावर तिनं वडगावात एक खोली भाड्यानं घेतली. पत्र्याची आहे, उन्हाळ्यात तव्यासारखी तापते, आणि दारात गटार आहे. मी गेले की ती आधी मला पंख्याखाली बसवते.

मोजदाद मी निवृत्तीनंतरही सोडलेली नाही, सवय आहे. त्या दिवाळीनंतरच्या दस्तांची नोंद करायची वेळ आली. एकेक दस्त वाचत, रकाने भरत चालले होते, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीच्या गठ्ठ्यात माझ्या बहिणीचा दस्त आला. गाव आमचं, गट नंबर आमचा, खाली तिची सही, शाळेत मी गिरवून घेतली होती तशीच, शेवटच्या अक्षराला शेपूट काढलेली. ‘कोणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीने.’ त्या रकान्यापाशी मी बराच वेळ बसले. ज्या मुली मला सोडून इतिहासाकडे गेल्या त्यांची आठवण झाली. मग नियमाप्रमाणे लिहिलं, ‘स्वखुशीने’, आणि पुढचा दस्त उघडला.

यंदाच्या भाऊबीजेला मला बोलावणं नव्हतं. धाकटीला होतं. ती आठवडाभर आधीपासून उत्साहात होती, लाडू केले होते, भावासाठी टॉवेल-टोपी घेतली होती. सकाळच्या गाडीनं निघाली. मी म्हटलं, परत येताना वडगावात उतरू नको, सरळ कोल्हापूरला माझ्याकडे ये, चार दिवस राहा. म्हणाली, बघते, दादा ऱ्हा म्हणाला तर मला यायला परवा हुईल.

संध्याकाळी दिवेलागणीला बेल वाजली. दारात ती उभी. हातात लाडवांचा तोच डबा, त्यात आता वहिनीनं दिलेल्या चकल्या. ओवाळणीत साडी नव्हती, ब्लाउजपीस होता. मी तिच्या हातातली पिशवी घेतली. ती चपला काढता काढता, मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "दादा ऱ्हा म्हणत हुता की. लई म्हणत हुता. मीच म्हटलं, नगं, जाते संध्याकाळच्या गाडीनं."

नियमाप्रमाणे, तिनं सांगितलं तेच मी धरलं. मान डोलावली आणि चहाचं आधण ठेवलं.